प्रबंध कपाटात ठेवण्याआधी

व्हायवा होतो, पेढे वाटले जातात, गाईडसोबतचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो आणि पीएच.डी.चा प्रबंध कपाटात जाऊन बसतो. एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात, एक ‘शोधगंगा’वर. ‘आता याचं पुस्तक करायचंय,’ असं आपण चार-पाच वर्षं म्हणत राहतो. पण प्रबंध मान्य झाल्यानंतरच्या वर्ष-दोन वर्षांत त्याच्यासाठी काही दारं उघडी असतात आणि ती मुदतीनं बंद होतात, हे अनेकांना ती बंद झाल्यावर कळतं. आशियाच्या इतिहासावरच्या उत्तम प्रबंधांना दिली जाणारी पारितोषिकं हे त्यांतलंच एक दार. मराठ्यांच्या इतिहासावर, मुंबईच्या गिरण्यांवर, गोव्याच्या ख्रिस्ती समाजावर किंवा तंजावरच्या भोसल्यांवर कष्टानं काम केलेली मुलं-मुली इथं अर्जच करत नाहीत. त्यामागं अज्ञान थोडं असतं आणि संकोच फार. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी एक ठरवून घ्या. पारितोषिकासाठी प्रबंध लिहिता येत नाही आणि लिहूही नये. अर्ज मात्र वेगळा लिहावाच लागतो. प्रबंध तीन परीक्षकांसाठी लिहिलेला असतो आणि तुमचा विषय त्यांना बऱ्यापैकी ठाऊक असतो. पारितोषिकाच्या समितीत एखादा जपानच्या मेइजी काळावरचा, एखादी इंडोनेशियातल्या डच राजवटीवरची आणि एखादा मुघलांवरचा अभ्यासक असू शकतो. तिघांनाही ‘सरंजाम’ म्हणजे काय हे माहीत असेलच, असं धरून चालता येत नाही. चारशे पानांचा प्रबंध चांगला असूनही अर्ज मागं पडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा या दोन वाचकांतला फरक ओळखलेला नसणं हे असतं.

कुठलं पारितोषिक तुमचं?

लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीचं ‘बेली पारितोषिक’ घ्या. ही संस्था हेन्री थॉमस कोलब्रुक यांच्या पुढाकारानं १८२३ मध्ये स्थापन झाली. मुंबईत १८०४ मध्ये जेम्स मॅकिंटॉश यांनी सुरू केलेली लिटररी सोसायटी पुढं तिचीच मुंबई शाखा झाली. टाउन हॉलच्या पायऱ्या चढून आपण जिथं जातो, ती आजची एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई हीच. बेली पारितोषिक ब्रिटनमधल्या विद्यापीठात आशियाई विषयावर पूर्ण झालेल्या उत्कृष्ट प्रबंधाला मिळतं. इथं तुम्ही कुठल्या देशाचे हे पाहिलं जात नाही, पदवी कुठली हे पाहिलं जातं. सातारची मुलगी एडिनबरामध्ये पीएच.डी. झाली असेल तर तिला दार उघडं आहे. तिचाच वर्गमित्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून पीएच.डी. झाला असेल तर त्याला नाही, मग त्याचा प्रबंध कितीही सरस असो.

ज्यांच्या नावानं हे पारितोषिक आहे, त्या सर ख्रिस्तोफर बेली (१९४५–२०१५) यांच्याकडे थोडं थांबून पाहण्यासारखं आहे. ते केंब्रिजचे प्राध्यापक आणि आधुनिक भारताच्या इतिहासकारांतलं मोठं नाव. त्यांचं पहिलं पुस्तक १९७५ मध्ये आलं. ऑक्सफर्डमधल्या डॉक्टरेटच्या कामातून उभं राहिलेलं हे पुस्तक एकट्या अलाहाबाद शहरावर आहे, काळ १८८० ते १९२०. विषय ऐकला तर आपल्याकडचा एखादा परीक्षक म्हणेल, ‘फारच स्थानिक आहे हो!’ पण त्यातला प्रश्न स्थानिक नव्हता. शहरातले सावकार, व्यापारी, मोठी घराणी आणि काँग्रेसचं राजकारण यांची गाठ कशी पडली, राष्ट्रीय चळवळीला शहराच्या पातळीवर पैसा आणि माणसं कुठून मिळाली, हा तो प्रश्न. पुढं १९९६ मध्ये त्यांनी ‘एम्पायर अँड इन्फर्मेशन’ हे पुस्तक हरकारे, वार्ताहर, मुन्शी अशा बातमी पोचवणाऱ्या माणसांवर लिहिलं. कंपनी सरकार त्यांच्या जिवावर कसं पाहत-ऐकत होतं आणि १८५७ च्या आधी ते आंधळं कसं झालं, हे त्यात आहे. जागा लहान, प्रश्न मोठा. या नावाच्या पारितोषिकाला प्रबंध पाठवणाऱ्यानं एवढं ओळखलं, तरी अर्जाची निम्मी दिशा ठरते.

पदवी ब्रिटनची नसेल तर नेदरलँड्समधल्या लायडनकडे वळा. तिथल्या इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर एशियन स्टडीजच्या आश्रयानं आशिया-अभ्यासकांचं एक मोठं आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरतं. पहिलं १९९८ मध्ये नेदरलँड्समध्येच झालं, पुढं ते चिआंग माई, सुराबाया अशा ठिकाणीही गेलं. या अधिवेशनाशी जोडलेल्या पुस्तक-पारितोषिकांत प्रबंधांसाठी वेगळा विभाग असतो. मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रं यांचा विचार तिथं वेगवेगळा होतो. इंग्रजीत लिहिलेला भारतीय विद्यापीठाचा प्रबंध इथं जाऊ शकतो. विभाग निवडताना जरा डोकं लावा. पेशवाईतल्या धान्याच्या भावांवरचं काम इतिहासाचं असलं तरी ते सामाजिक शास्त्रांच्या रांगेत जास्त उठून दिसेल का, याचा विचार आधी करा.

अमेरिकेतली व्यवस्था वेगळी आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजची डिमॉक आणि एल्डर ही दोन पारितोषिकं भारतावरच्या पहिल्या, अजून न छापलेल्या पुस्तकाच्या हस्तलिखिताला दिली जातात. असोसिएशन फॉर एशियन स्टडीजचं बर्नार्ड कोन पारितोषिक दक्षिण आशियावरच्या पहिल्या पुस्तकाला मिळतं. म्हणजे ही प्रबंधानंतरची पायरी झाली. प्रबंध, पुस्तकाचं हस्तलिखित आणि छापील पुस्तक या तीन वेगळ्या स्पर्धा आहेत. घाईनं पुस्तक छापून पहिल्या दोन बाद करून घेऊ नका.

प्रबंध मराठीत असेल तर? मी गुळमुळीत बोलणार नाही. आशियाच्या पातळीवरच्या पारितोषिकांत मराठी प्रबंधाला आज थेट जागा नाही. अशा प्रबंधाचं चांगलं मराठी पुस्तक करावं आणि ते राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांसारख्या ठिकाणी पाठवावं. त्यातलं सर्वांत दमदार प्रकरण इंग्रजीत लेख म्हणून नव्यानं लिहून संशोधनपत्रिकेला द्यावं. प्रबंधाचा अख्खा अनुवाद करून स्पर्धेत उतरणं म्हणजे दोन वर्षं घालवणं, आणि पात्रतेची मुदत तर मूळ पदवीच्या तारखेवरूनच मोजली जाते.

तारीख, तारीख

चांगले अर्ज सर्वांत जास्त बाद होतात ते तारखेवरून. सूचनेत ‘अमुक काळात पूर्ण झालेला प्रबंध’ असं म्हटलेलं असतं. पूर्ण म्हणजे कधी? आपल्याकडे प्रबंध सादर केल्याची तारीख एक, व्हायवाची दुसरी, नोटिफिकेशनची तिसरी आणि पदवीदान समारंभाची चौथी. यांत सहज वर्ष-दीड वर्षाचं अंतर पडतं. ब्रिटनमध्ये व्हायवानंतर किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या जातात. त्या मान्य झाल्यावर अंतिम प्रत जमा होते आणि मग पदवी मंजूर झाल्याचं पत्र येतं. यांतली कुठली तारीख धरायची ते सूचनेत नीट वाचा. संदिग्ध वाटलं तर आयोजकांना दोन ओळींचा ईमेल टाका. असं विचारल्यानं कुणी नाराज होत नाही. नोटिफिकेशनची स्कॅन प्रत आणि विद्यापीठाचं पत्र एका फोल्डरमध्ये तयार ठेवा. शेवटच्या आठवड्यात परीक्षा विभागात जाऊन कागद हातात पडेल, ही आशा धरू नका.

तीच काळजी प्रबंध खुला ठेवण्याबाबत. भारतात युजीसीच्या नियमानुसार प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत ‘शोधगंगा’साठी द्यावी लागते. परदेशी विद्यापीठांत पुस्तकाचा विचार असणारे अनेकजण प्रबंध खुला करण्यावर काही वर्षांची बंदी घालून घेतात. अशी बंदी असली तरी समितीला प्रत देता येते, पण ती लेखकानं स्वतः द्यावी लागते. संग्रहात आहे, तिथून घेतील, असं समजून बसू नका. शिवाय संग्रह बंदही पडतात. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला, तेव्हा ब्रिटनमधल्या प्रबंधांची तिथली सूचीही बंद पडली.

अर्जात लिहायचं काय

सारांश हा अर्जाचा प्राण आहे, आणि आपल्याकडे तोच सर्वांत दुबळा असतो. याचं मूळ सिनॉप्सिसच्या सवयीत आहे. संशोधनाची उद्दिष्टं, गृहीतकं, व्याप्ती व मर्यादा, प्रकरणांची योजना, सगळं रांगेनं. विद्यापीठाच्या समितीला ते हवं असतं, पारितोषिकाच्या समितीला त्याची गरज नसते. तिला तुम्ही काय शोधलंत ते हवं असतं.

उदाहरणापुरता एक प्रबंध कल्पूया. विषय पेशवेकालीन पुण्याची कोतवाली. नेहमीचा सारांश असा सुरू होईल: ‘प्रस्तुत प्रबंधात अठराव्या शतकातील पुणे शहराच्या कोतवाली व्यवस्थेचा सखोल व चिकित्सक अभ्यास करण्यात आला आहे.’ यातून वाचणाऱ्याला काहीच कळलं नाही. आता हे पाहा: ‘अठराव्या शतकातल्या पुण्यात कोतवाल चोर पकडण्यापेक्षा दंड आणि पट्ट्या गोळा करण्यात जास्त गुंतलेला दिसतो. हा प्रबंध विचारतो की शहराची शिस्त हीच सरकारची मिळकत झाली, तेव्हा गुन्हा कशाला म्हणायचं हे कोण ठरवत होतं.’ दुसऱ्या मजकुरात दावा आहे, प्रश्न आहे, आणि एदोच्या किंवा इस्तंबूलच्या इतिहासावर काम करणाऱ्यालाही कान टवकारायला जागा आहे. ‘सखोल’, ‘चिकित्सक’, ‘सर्वंकष’, ‘प्रथमच’ ही विशेषणं काढून टाका. ‘प्रथमच’ तर फार जपून वापरा. समितीतल्या एखाद्याच्या मित्रानंच ते काम आधी केलेलं निघायचं.

साधनांबद्दल मात्र हात आखडता घेऊ नका. मराठी अभ्यासकाकडे इथं जे आहे ते जगात फार थोड्यांकडे आहे, आणि आपण ते एका ओळीत उरकतो: ‘पुणे पुराभिलेखागारातील अप्रकाशित कागदपत्रांचा वापर केला.’ एवढ्यानं भागत नाही. पेशवे दप्तरातले निवडक कागद गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत छापले. मराठ्यांवर काम करणाऱ्या कुठल्याही परदेशी अभ्यासकाला ते खंड ठाऊक असतात. म्हणून तुमचं काम या छापील खंडांवर किती उभं आहे आणि न छापलेल्या मोडी रुमालांवर किती, हे स्पष्ट सांगा. कुठल्या प्रकारचे रुमाल? हिशेबाचे, इनामांचे, प्रांतवार? मोडी तुम्ही स्वतः वाचलीत की लिप्यंतर करून घेतलंत? करून घेतलं असेल तर ते मोकळेपणानं लिहा, त्यात कमीपणा नाही.

दोन ठिकाणचे कागद एकमेकांसमोर ठेवले असतील तर ते अर्जात ठळक दिसलं पाहिजे. राजवाड्यांच्या पुढाकारानं १९१० मध्ये उभ्या राहिलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातलं पत्र, पणजीच्या पुराभिलेखातली पोर्तुगीज नोंद आणि हेगमध्ये ठेवलेली डच कंपनीची वखारीची चोपडी. एकाच घटनेकडे या तीन बाजूंनी पाहिलं असेल, तर तो प्रबंध ‘आशियाचा इतिहास’ या नावाला आपोआप पात्र होतो. तंजावरचे मोडी कागद डेन्मार्कपर्यंत गेलेले आहेत. एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग यांनी त्यांवर १९८३ मध्ये पुस्तक केलं. मुंबईतून चीनकडे जाणारी माळव्याची अफू, जंजिऱ्याचे सिद्दी, कोकणातले खलाशी अशा विषयांना आशियाचा धागा मुळातच असतो. तुमच्या विषयात तो नसेल तर ओढूनताणून आणू नका. शेवटच्या परिच्छेदात ‘चीनशी तुलना’ घुसडलेली लगेच ओळखू येते, आणि वाचणारा चीनवरचाच निघाला तर पंचाईत.

साधनं अनेक भाषांतली असली की तारखांचा घोळ ठरलेला. बाहेरचा वाचक काटेकोरपणा कशावरून जोखतो, तर यावरून. मराठी कागदांतला शुहूर सन मृगात, म्हणजे जूनमध्ये बदलतो. त्यामुळे त्याचं इसवी सन काढताना जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि पुढच्या महिन्यांसाठी ६०० मिळवावे लागतात. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला, शुहूर सन ११६१. तोच शुहूर सन १७६० च्या पावसाळ्यातल्या कागदावरही असतो. इंग्रजांनी नवं कॅलेंडर १७५२ मध्ये घेतलं, पोर्तुगीजांनी १५८२ मध्येच. म्हणून सतराव्या शतकात एकाच दिवसाची सुरतेच्या वखारीतली तारीख गोव्यातल्या तारखेच्या दहा दिवस मागं असते. त्यात इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. शिवाजी महाराजांनी सुरतेवर पहिली स्वारी केली ती जानेवारी १६६४ मध्ये, पण त्या वेळच्या इंग्रजी पत्रांवर साल १६६३ दिसतं. प्रबंधात तुम्ही कुठली पद्धत पाळलीत ते सुरुवातीलाच एका टिपेत सांगा आणि नमुना म्हणून पाठवलेल्या प्रकरणातही ती टीप जोडा. तसंच रोमन लिपीतल्या मराठी शब्दांचं. एका पानावर एक स्पेलिंग आणि पुढच्या पानावर दुसरं असेल, तर बाकीच्या कामावरचाही विश्वास डळमळतो.

नमुन्यादाखल एक-दोन प्रकरणं मागितली असतील तर प्रस्तावनेचं प्रकरण सक्तीचं आहे का ते पाहा. सक्ती नसेल तर ते टाळा. त्यात बहुधा पूर्वसंशोधनाचा आढावा असतो, आणि तो कितीही चांगला असला तरी दुसऱ्यांबद्दल असतो. जिथं कागद आणि युक्तिवाद एकमेकांत घट्ट बसलेत ते प्रकरण निवडा. माझ्या पाहण्यात असं प्रकरण बहुतेक प्रबंधांत तिसरं किंवा चौथं असतं. ‘दुसऱ्या प्रकरणात पाहिल्याप्रमाणे’ अशी वाक्यं त्यातून काढा, कारण वाचणाऱ्याकडे दुसरं प्रकरण नाही. मात्र परीक्षकांनी मान्य केलेल्या मजकुरात नवा युक्तिवाद घालू नका. स्पर्धा मान्य झालेल्या प्रबंधाची असते.

शिफारसपत्रासाठी गाईडपेक्षा बाहेरचा परीक्षक बरा. गाईड कौतुक करणारच, हे समितीला माहीत असतं. बाहेरच्या परीक्षकानं अहवालात काही चांगलं लिहिलं असेल तर त्याच माणसाला विचारा आणि किमान महिनाभर आधी विचारा. सोबत सारांश आणि पारितोषिकाची सूचना पाठवा. ‘सर, आपल्या सोयीनं द्या’ असं लिहून तारीख गाळणं ही आपली खास सभ्यता आहे, पण ती इथं नडते. मुदत स्पष्ट लिहा. काही पारितोषिकांना विभागामार्फतच नाव जावं लागतं. तसं असेल तर विभागप्रमुखांना लवकर भेटा, कारण विभागातून एकच नाव जाणार असेल तर तुमचा सहाध्यायीही रांगेत असतो.

आता एक धोक्याची सूचना. पीएच.डी. झाल्याबरोबर ईमेलमध्ये ‘आंतरराष्ट्रीय सर्वोत्कृष्ट संशोधक पुरस्कार’ देणाऱ्यांची रीघ लागते. तुमची निवड झालेली असते, फक्त नोंदणी शुल्क भरायचं असतं, आणि ट्रॉफीचे पैसे वेगळे. यातलं एकही घेऊ नका. पारखायची खूण सोपी आहे. परीक्षक कोण, मागची पारितोषिकं कुणाला आणि कुठल्या प्रबंधाला मिळाली, हे उघड सांगितलेलं असतं का? आणि विजेत्याकडूनच पैसे मागितले जातात का? मुलाखतीच्या मंडळात बसलेला जाणता माणूस असली ओळ बायोडेटात पाहतो तेव्हा तुमचं खरं कामही त्याच्या नजरेत उतरतं.

खऱ्या पारितोषिकाची रक्कम बहुधा फार मोठी नसते. मिळतं ते वेगळं. निवड समितीचं चार ओळींचं मत प्रकाशकाला पाठवायच्या प्रस्तावात जोडता येतं, आणि पोस्ट-डॉकच्या अर्जात त्याचं वजन पडतं. अंतिम यादीत नाव आलं तरी ते लिहावं, ती लहान गोष्ट नव्हे. काहीच मिळालं नाही तर कारण बहुधा कळवलं जात नाही. त्याचा अर्थ लावत बसू नका. तोच सारांश पुन्हा घासून, मुदत शिल्लक असेल तर पुढच्या ठिकाणी पाठवा.

अर्ज पाठवण्याच्या आदल्या दिवशी दोन कामं करा. प्रबंधात दप्तरखान्यातल्या कागदांची छायाचित्रं किंवा नकाशे असतील तर ते वापरण्याची परवानगी आणि श्रेय जागच्या जागी आहे का ते तपासा. मग पीडीएफ दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहा. देवनागरी उतारे, मोडी नमुने आणि रोमन अक्षरांवरच्या रेघा-टिंबं तुमच्या लॅपटॉपवर नीट दिसतात, कारण ते फॉन्ट तिथं आहेत. फाइल तयार करताना फॉन्ट तिच्यात बसवले नसतील तर टोकियोतल्या परीक्षकाला त्या जागी नुसते चौकोन दिसतील.